लायब्ररी काढून टाकू, की कुणाच्या हाती देऊ?

ताई,

सात वर्षांपूर्वी नोकरीत एका कामासाठी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल, वाचायची होती. अशा कामाच्या तयार कोडच्या ज्या लायब्रऱ्या मिळत होत्या त्या फार जड वाटल्या, म्हणून एका शनिवार-रविवारात स्वतःची लिहिली. ३४० ओळी, एकही डिपेन्डन्सी (दुसऱ्या कोडवरचं अवलंबन) नाही. कुणालाही वापरू देणारं एमआयटी लायसन्स लावून एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोड-भांडारात, टाकली आणि विसरून गेलो. आज ती आठवड्याला चार लाखांवर डाउनलोड होते. उघडे इश्यू, म्हणजे लोकांच्या न सुटलेल्या तक्रारी-मागण्या, १८६ आहेत. माझ्या आताच्या नोकरीचा तिच्याशी काही संबंध नाही. मुलगी दोन वर्षांची आहे. रात्री ती झोपली की मी लॅपटॉप उघडतो, इश्यूंची यादी बघतो आणि मिटतो.

गेल्या महिन्यात एक जुना बग दुरुस्त केला. फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही न दिसणारी खूण असली तर पहिल्या रकान्याचं नाव सापडत नसे. तीन ओळींची दुरुस्ती होती, पॅच (किरकोळ दुरुस्तीचं) व्हर्जन काढलं. दुसऱ्याच दिवशी एका कंपनीतल्या इंजिनिअरने लिहिलं, ‘तुमच्यामुळे आमची प्रॉडक्शन सिस्टिम बंद पडलीय. आज रात्रीपर्यंत जुनं वागणं परत आणा. एवढी जबाबदारी झेपत नसेल तर लायब्ररी ठेवता कशाला?’ खाली चौदा जणांनी अंगठे दिले. नंतर कळलं, की बीओएमचा त्रास टाळायला त्यांच्या कोडमध्ये पहिल्या नावाचं पहिलं अक्षर सरसकट कापलं जात होतं. मी बीओएम काढल्यावर खरं अक्षर कापलं गेलं आणि ‘आयडी’चं नुसतं ‘डी’ उरलं. मी त्याच रात्री दुरुस्ती मागे घेतली.

आता सगळंच काढून टाकावंसं वाटतं. गेले तीन महिने एकजण चांगले पॅच, म्हणजे तयार दुरुस्त्या, पाठवतोय. त्याने लिहिलंय, ‘तुम्ही दमलेले दिसता. पब्लिश करायचे हक्क मला द्या, मी सांभाळतो.’ मी त्याला ओळखत नाही, पण सुटका तरी होईल. काढून टाकू, की देऊन टाकू? आणि हे सोडावंसं वाटणं हा स्वार्थ आहे का? मध्यंतरी एक नवं छोटं टूल लिहायला घेतलं होतं, ते साठ ओळींवर थांबलंय. हल्ली स्वतःचा कोड उघडायचीच भीती वाटते.

– एक मेंटेनर

प्रिय मित्रा,

ताई म्हणालास, म्हणून मीही सरळ अरे-तुरे करते.

दोन्ही करू नकोस. काढून टाकू नकोस आणि ज्याला तू ओळखत नाहीस त्याच्या हाती किल्ल्याही देऊ नकोस. तिसरी वाट आहे आणि ती तुला वाटते त्याहून सोपी आहे. पण आधी त्या बीओएमबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रातला खरा सल मला तिथेच दिसला.

ज्यांना हा बग ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून फाइल सेव्ह केली की तिच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट बसतात : ईएफ, बीबी, बीएफ. जावास्क्रिप्टने फाइल मजकूर म्हणून वाचली की त्या तिन्हींचं मिळून एकच अक्षर बनतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. रकान्याचं नाव स्क्रीनवर छापून बघितलं तर ‘आयडी’ असंच दिसतं. त्या नावाने किंमत मागितली की मात्र ‘अनडिफाइन्ड’. माणूस तासभर स्वतःच्याच टायपिंगवर संशय घेत बसतो. शेवटी ‘id’ या नावाची लांबी मोजून बघतो, ती दोनच्या जागी तीन येते आणि तेव्हा कुठे उलगडा होतो. मी स्वतः या तीन बाइटांपायी एक अख्खी दुपार घालवलेली आहे. म्हणून सांगते, तू केलीस ती दुरुस्ती अगदी योग्य होती. ती मागे घेतलीस, हे मात्र मला पटलं नाही.

त्या कंपनीच्या कोडने तुझ्या बगवर घर बांधलं होतं. असं होतंच. वापरणारे पुरेसे झाले की तुझ्या कोडच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं, मग तू ते वागणं लिहून दिलेलं असो वा नसो. आपल्या धंद्यात याला हायरमचा नियम म्हणतात. सेमॅन्टिक व्हर्जनिंगच्या, म्हणजे व्हर्जनला तीन आकडे द्यायच्या प्रथेच्या, हिशेबाने बगची दुरुस्ती तिसऱ्या आकड्यात जाते, आणि तू ती तिथेच टाकलीस. एनपीएम पॅकेज बसवताना आकड्याच्या आधी कॅरेट (^) लावते. कॅरेटचा अर्थ, पहिला आकडा तोच आहे तोवर पुढचं कुठलंही व्हर्जन चालेल. यातून नको असलेलं नवं व्हर्जन आपसूक आत शिरू नये म्हणूनच २०१७ पासून एनपीएम नेमकी व्हर्जनं नोंदवून ठेवणारी लॉकफाइल आपोआप तयार करते. त्यांनी ती रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवली असती आणि सर्व्हरवर लॉकफाइलमधलीच व्हर्जनं बसवणारं ‘एनपीएम सीआय’ चालवलं असतं, तर तुझं नवं व्हर्जन त्यांच्या टेस्ट पार केल्याशिवाय प्रॉडक्शनच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नसतं. हे काम त्यांचं होतं.

तुझ्याकडून काय राहिलं? चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, एक ठळक ओळ : ‘बीओएम आता काढला जातो. तुम्ही तो स्वतः काढत असाल तर तुमचा तो कोड काढून टाका.’ बस, एवढंच. या एका ओळीची चूक तुझ्या पदरात घाल. बाकीचं ओझं त्या इंजिनिअरने स्वतःच्या घाईच्या भरात तुझ्या खांद्यावर टाकलंय, ते खाली ठेव.

आणि तू लावलेलं एमआयटी लायसन्स पुन्हा एकदा वाच. आपण सगळे ते कॉपी करतो, वाचत कुणी नाही. सगळं मिळून तीन परिच्छेदांचं आहे. शेवटचा परिच्छेद मोठ्या अक्षरांत असतो आणि त्यात साफ लिहिलेलं असतं, की हे सॉफ्टवेअर आहे तसं दिलेलं आहे, कसलीही हमी नाही, यातून काही नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. कंपनीने तुझी लायब्ररी घेतली ती याच अटीवर. ‘आज रात्रीपर्यंत’ म्हणण्याचा हक्क त्या तीन परिच्छेदांत कुठेही नाही.

त्याला उत्तर द्यायचं राहिलं असेल तर मी असं लिहिलं असतं :

‘तुमचं काम अडलं याचं वाईट वाटतं. आधीच्या व्हर्जनमध्ये बीओएम पहिल्या नावाला चिकटून राहत होता, तो बग होता. दुरुस्ती पुढच्या मायनर व्हर्जनमध्ये परत येईल आणि चेंजलॉगमध्ये तशी नोंद असेल. तोवर आणि नंतरही तुम्ही आत्ताचं व्हर्जन लॉक करून ठेवू शकता. हे काम मी मोकळ्या वेळात विनामोबदला करतो, त्यामुळे तारीख-वेळ कबूल करू शकत नाही.’

याच्या पुढे एक शब्द नको. ना माफीनामा, ना टोमणा. चौदा अंगठ्यांकडेही बघू नकोस. अंगठा द्यायला एक सेकंद लागतो, त्यातल्या किती जणांनी लॉकफाइल उघडून पाहिली असेल?

आता पुसून टाकण्याबद्दल. खरं सांगायचं तर तो पर्याय तुझ्या हातात उरलेलाच नाही. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात आपली २७० हून अधिक पॅकेजं एनपीएमवरून एकाच वेळी काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं. अकरा ओळींचा कोड, काम एकच : मजकुराच्या डावीकडे जागा भरून तो ठरावीक लांबीचा करायचा. त्या अकरा ओळी बाबेलसारख्या बड्या प्रकल्पांच्या पोटात होत्या, त्यामुळे जगभर बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवण्याची कामं) पडायला लागले. एनपीएमने काही तासांत ते व्हर्जन स्वतःच परत ठेवलं आणि नंतर नियम कडक केले. आज पॅकेज पहिल्या ७२ तासांत काढता येतं. त्यानंतर काढायचं तर दुसरं कुठलंही पॅकेज त्यावर अवलंबून नसावं, आठवड्याचे डाउनलोड ३०० च्या खाली असावेत आणि मालक एकच असावा. तुझे चार लाख आहेत. तेव्हा ते दार बंद आहे.

रागाच्या भरात माणसाला आणखी एक मार्ग दिसतो : मोडकं व्हर्जन पब्लिश करायचं. जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ आणि ‘फेकर’ या दोन लायब्रऱ्यांच्या लेखकाने तेच केलं. ‘कलर्स’मध्ये कधीच न संपणारा लूप टाकला, आणि ती वापरणाऱ्यांच्या टर्मिनलवर अर्थहीन अक्षरं वाहायला लागली. मोठ्या कंपन्या फुकट वापरतात आणि काही देत नाहीत, ही त्याची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या लूपचा फटका ज्यांना बसला त्यांत तुझ्या-माझ्यासारखे, रात्री घरचं आवरून कोड लिहिणारे कितीतरी होते. तू तसं करणार नाहीस, तुझ्या पत्राचा सूरच तसा नाही. तरी मनात येऊन गेलं असेल तर त्याची लाज बाळगू नकोस. आलं आणि गेलं.

आता तो मदतीला आलेला माणूस. त्याच्यावर मी कसलाही आरोप करत नाही. असं लिहिणारे बहुतेक लोक खरोखर भले असतात. पण ‘तुम्ही दमलेले दिसता’ हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, तो का ते सांगते.

२०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाच्या लायब्ररीच्या मूळ लेखकाचा तिच्यातला रस संपला होता. एका अनोळखी माणसाने सांभाळायची तयारी दाखवली आणि लेखकाने हक्क देऊन टाकले. तुझ्यासारखाच विचार : कुणीतरी करतंय, चांगलंच आहे. त्या नव्या माणसाने एक छोटी डिपेन्डन्सी जोडली आणि पुढे तिच्यात चोरकोड आला. तो एका ठरावीक बिटकॉइन वॉलेटवर नेम धरून लिहिलेला होता, त्याच्या किल्ल्या पळवण्यासाठी.

दुसरी गोष्ट ‘एक्सझेड’ची. फाइली दाबून लहान करणारी ही लायब्ररी लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर असते, आणि ती एकच माणूस मोकळ्या वेळात बघत होता. २०२२ मध्ये त्याच्या मागे लोक लागले : पॅच का घेत नाही, इतका उशीर का, दुसऱ्याला का देत नाही. त्याने उघडपणे लिहिलं, की आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हे काम आपण बिनपगारी हौस म्हणून करतो. त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाचं कुणीतरी गोडीने, चिकाटीने, चांगले पॅच पाठवत होतं. हळूहळू हक्क त्या नावाकडे गेले. २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांमध्ये मागचं दार बसवलं गेलं. ते सापडलं कसं? आन्द्रेस फ्रॉइन्ड हा पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर, त्याला दूरच्या यंत्रात शिरायच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने ते सोडून दिलं नाही, मुळाशी गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. मागे लागलेल्यांतली काही नावं त्याच डावाचा भाग होती, असं आता बहुतेक जाणकार मानतात.

या दोन्ही गोष्टींत कोड कच्चा नव्हता. माणूस थकलेला होता आणि तो थकलाय हे बाहेरच्याला दिसत होतं. तुझं थकणंही तुझ्या इश्यूंच्या यादीवरून कुणालाही दिसतं. म्हणून थकलेल्या हाताने किल्ली द्यायची नाही. त्याला असं लिही :

‘तुमचे पॅच चांगले आहेत, आभार. पब्लिशचे हक्क मी सध्या कुणालाही देत नाही. तुम्हाला पुढे न्यायची इच्छा असेल तर फोर्क करा, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढा, लायसन्स त्याची पूर्ण मोकळीक देतं. वर्षभर तुमचा फोर्क नीट चालला तर मी माझ्या रीडमीवरून (माहितीच्या पानावरून) लोकांना तिकडे पाठवेन.’

खऱ्या मनाचा माणूस यावर खूश होईल. ज्याला तुझं नाव आणि तुझे चार लाख डाउनलोडच हवे होते, तो गप्प होईल. कसंही झालं तरी तुला उत्तर मिळेल.

आता तिसरी वाट. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल.

माझीही एक लायब्ररी होती, तुझ्याहून लहान, कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारी. नऊ वर्षं सांभाळली. मधल्या काळात घरात आजारपण आलं आणि मी तिच्याकडे पाहणं सोडलं. कुणाला काही सांगितलं नाही. उद्या बघू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत चौदा महिने गेले. परत आले तेव्हा एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणीतरी सुचवलेला कोडमधला बदल, पडून होती. कमांडला काहीच पर्याय दिले नाहीत तर लायब्ररी कोसळायची, त्याची दुरुस्ती. सोबत चार टेस्ट लिहिलेल्या, आणि जाता जाता माझ्या रीडमीतली एक शुद्धलेखनाची चूकही सुधारलेली. खाली दोन महिन्यांनी त्याच मुलाने विचारलेलं, काही बदल हवे आहेत का. पाचव्या महिन्यात पुन्हा. आठव्या महिन्यात शेवटचं : ‘काही हरकत नाही, मी दुसरी लायब्ररी घेतली. तुम्ही बऱ्या आहात ना?’

शिव्या घातल्या असत्या तर मी विसरले असते. तो प्रश्न मात्र विसरत नाही. त्या मुलाला मी पहिल्याच आठवड्यात ‘सध्या जमणार नाही’ एवढं जरी कळवलं असतं, तर त्याचे आठ महिने वाचले असते. मी काम थांबवलं यात काही चूक नव्हती. थांबवलंय हे सांगितलं नाही, ही चूक होती.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. कर्नलच्या प्रत्येक भागाची तिथे नोंद असते : कोण बघतं, पॅच कुठे पाठवायचे, आणि एका ओळीत त्या भागाची स्थिती. ‘सपोर्टेड’ म्हणजे कुणाला तरी हे बघण्याचा पगार मिळतो. ‘मेन्टेन्ड’ म्हणजे कुणीतरी खरंच बघतंय. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, पण अधूनमधून एखादा पॅच घेण्यापलीकडे त्याच्याकडे वेळ नाही. ‘ऑर्फन’ म्हणजे कुणी नाही, तुम्हीच घ्या. इतक्या मोठ्या प्रकल्पात ‘माझ्याकडे वेळ नाही’ ही एक रीतसर, मान्य स्थिती आहे. तिथे कुणी त्याबद्दल माफी मागत नाही. मला ही फाइल फार आवडते.

तुझ्या रीडमीच्या अगदी वर, नावाखाली, अशी ओळ टाक : ‘स्थिती : अधूनमधून दुरुस्ती. महिन्यातून एकदा दोन तास बघतो. डेटा चुकीचा वाचला जात असेल तरच इश्यू उघडा. नवीन सोयी घेतल्या जाणार नाहीत.’ आणि ते शब्द पाळ. महिन्याचा पहिला शनिवार ठरव, दोन तास ठेव. बाकीचे दिवस नोटिफिकेशन बंद, फोनवरून तर कायमचीच. हे दोन तासही जड व्हायला लागले तर रिपॉझिटरी आर्काइव्ह कर. ती वाचता येते, फोर्क करता येते, एनपीएमवरचं पॅकेज चालू राहतं, फक्त तिच्यात काही बदलता येत नाही आणि कुणाला नवा इश्यू उघडता येत नाही. सोबत ‘एनपीएम डेप्रिकेट’ चालवलंस की बसवणाऱ्याला तुझा संदेश दिसतो. पण ते आज नको, कारण तुझी लायब्ररी मेलेली नाही. माझ्या मते ती पूर्ण झालेली आहे, आणि हे तू अजून मान्य केलेलं नाहीस.

बघ ना. सीएसव्हीचा जो काही लेखी आधार आहे, तो आरएफसी ४१८० हा इंटरनेटवरचा तांत्रिक दस्तऐवज, २००५ चा. मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो अवतरणचिन्हांत ठेवा, अवतरणचिन्हच असेल तर ते दोनदा लिहा, अवतरणातली नवी ओळ ही नवी नोंद समजू नका. वीस वर्षांत यात काय बदललं? तुझ्या ३४० ओळी हे सगळं नीट करत असतील आणि आता बीओएमही काढत असतील, तर आणखी काय उरलं? डोनल्ड कनूथ यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये नव्या सोयी घालणं केव्हाच थांबवलं. आता फक्त बग दुरुस्त होतात आणि दर वेळी व्हर्जनच्या आकड्यात पाय (π) या गणिती संख्येचा एक अंक वाढतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) थांबले म्हणजे प्रकल्प मेला, ही समजूत आपल्याला गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या कामाच्या आलेखांतल्या हिरव्या चौकोनांनी लावलीय. जुनी, शांत, बिनतक्रार चालणारी लायब्ररी मला शोधताना दिसली की मी तीच घेते.

बाहेरचे पॅच घेतलेच पाहिजेत असंही नाही. ‘एसक्यूलाइट’ ही डेटाबेसची लायब्ररी बहुधा तुझ्या फोनमध्येही आहे. तिचा कोड सगळ्या जगाला खुला आहे, पण बाहेरच्यांचे पॅच तिथे सहसा घेत नाहीत आणि तसं स्पष्ट सांगतात. खुला कोड वेगळा आणि खुलं दार वेगळं.

१८६ इश्यूंचं काय करायचं, तर एक सुट्टीचा दिवस दे. उत्तरं लिहीत बसू नकोस. शीर्षक वाच, गरज वाटली तर पहिला परिच्छेद, आणि एकच प्रश्न विचार : यात डेटा चुकीचा वाचला जातोय का? माझ्या लायब्ररीचे ९४ इश्यू मी असे चाळले तेव्हा खरे बग अकरा निघाले. बाकी सगळ्या मागण्या होत्या, माझी लायब्ररी म्हणजे दुसरीच कुठली तरी लायब्ररी व्हावी अशा. तुझ्याकडेही टॅबने तोडलेल्या फाइली, थेट एक्सेल फाइल, टाइपस्क्रिप्टचे टाइप, असंच निघेल. मागण्यांना एकच मजकूर चिकटव : ‘ही लायब्ररी मुद्दाम लहान ठेवली आहे, म्हणून बंद करतो. विचार मांडल्याबद्दल आभार.’ साठ दिवसांनी आपोआप इश्यू बंद करणारा बॉट मात्र लावू नकोस. कुणी न वाचताच दार लावून घेणं मला अपमानास्पद वाटतं, आणि ज्याने मन लावून बग लिहिला त्यालाच ते लागतं. तू वाच आणि नाही म्हण. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या लांबलचक सुरक्षा-तक्रारीही येतात. बग दाखवणारी चार ओळींची फाइल मागायची. आली नाही तर बंद.

पैशांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी थोडं. गिटहबवर २०१९ पासून स्पॉन्सर्सची, म्हणजे देणगी घ्यायची, सोय आहे. कुणी दिले तर संकोच न करता घे. पण त्यावर संसार चालेल अशी आशा ३४० ओळींच्या लायब्ररीकडून धरू नकोस. आणि पैसे घेऊन कुणाला ‘रात्रीपर्यंत’ कबूल करणार असशील, तर ती नोकरीच झाली. तसा करार नीट लिहून कर, नाहीतर करूच नकोस.

उरला तो स्वार्थाचा प्रश्न. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा बग उघडकीला आला, वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला. जगातल्या सुरक्षित वेबसाइटींचा प्रचंड मोठा भाग त्या लायब्ररीवर उभा होता. तेव्हा जग थक्क झालं ते तिथली स्थिती पाहून : पूर्णवेळ काम करणारा माणूस एक, आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. तोवर ती मोजकी माणसं गप्प राहून ओढत होती आणि बाहेरून सगळं आलबेल दिसत होतं. त्यांनी आधीच ‘आमच्याने होत नाही’ असं ओरडून सांगितलं असतं तर त्यांना कुणी स्वार्थी म्हटलं असतं का? मी तर म्हणते, वापरणाऱ्यांवर उपकारच झाले असते. तुझी लायब्ररी तेवढी नाजूक जागी नाही, पण न्याय तोच. आपल्या डोक्यावर किती दमलेला माणूस छप्पर धरून उभा आहे, हे आत राहणाऱ्यांना कळायला हवं. तू सांगितलंस की त्यातले शहाणे स्वतःची सोय बघतील : व्हर्जन लॉक करतील, फोर्क करतील, किंवा ३४० ओळी वाचून स्वतःच्या कोडमध्ये उचलून ठेवतील. तुझ्या लायसन्सखाली हे सगळं चालतं.

तर आज रात्री ती स्थितीची ओळ लिही. आजच, कारण तिला दहा मिनिटं लागतात. त्या दोघांना वरची उत्तरं पाठव. पहिल्या शनिवारी बीओएमची दुरुस्ती परत आण. सोबत एक टेस्ट ठेव, तीन बाइटांनी सुरू होणारी दोन ओळींची फाइल, म्हणजे पुढे कुणाच्या आरडाओरड्याने हात थरथरला तरी दुरुस्ती जाणार नाही. इश्यूंचा दिवस पुढच्या महिन्यात.

आणि ते साठ ओळींचं टूल. ते काय करतं हे तू लिहिलं नाहीस, पण सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त उत्सुकता त्याचीच वाटली. ते गिटहबवर टाकू नकोस. रीडमी नको, लायसन्स नको, लोगो तर नकोच. तुझ्या यंत्रावरच्या एका फोल्डरमध्ये राहू दे. एखाद्या रात्री मुलगी झोपल्यावर यादीऐवजी तो फोल्डर उघड आणि एकसष्टावी ओळ लिहून बघ. काय झालं ते मला कळव.

– तुझी ताई